काळजाचे गणित

मराठी साहित्यात काळजाला मोठा भाव आहे. ते तुटते, हलते, त्याला घरे पडतात. पण खाटकाकडे जाऊन काळीज मागा; तो हृदय देत नाही, यकृत तोलून देतो. शब्दाचा अर्थ त्याला आम्हां लेखकांपेक्षा पक्का ठाऊक आहे.

या खऱ्या काळजाला कर्करोग झाला, तर त्यातला रक्तप्रवाह संगणकावर मांडून औषध कोणत्या फाट्याने जाईल ते आधी अजमावता येते. हे ऐकताच आमची मंडळी नाक मुरडतात. जालन्यातल्या एका बैठकीत एक विद्वान गृहस्थ म्हणाले, "यंत्राने माणसाचा नळ करून टाकला!" टाळ्या पडल्या. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. तरी त्या टाळ्यांना उत्तर देणे मला भाग आहे.

यकृताला रक्त दोन वाटांनी मिळते. सुमारे तीन चतुर्थांश आतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतून, बाकीचे धमनीतून. गाठ मात्र बहुतांशी धमनीवरच पोसते. या भेदावरच एक उपचार उभा आहे. धमनीत बारीक नळी सरकवून यिट्रियम-९० हे किरणोत्सारी द्रव्य असलेले काचेचे मणी सोडतात. मणी २० ते ३० मायक्रॉनचे, किरण उतीत सरासरी अडीच मिलिमीटर जाणारे. परदेशी मणी फार महाग. म्हणून तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ते देशातच घडवले, 'भाभास्फिअर' असे नाव दिले, आणि मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात ते वापरलेही गेले.

आता हे मणी जातील कुठे? फुफ्फुसात गेले तर फुफ्फुस होरपळते, जठरात गेले तर व्रण पडतो. म्हणून आधी टेक्नेशियमचे कण सोडून चाचणी घेतात. पण चाचणीच्या दिवशी नळीचे टोक जिथे होते, तिथून ते उपचाराच्या दिवशी काही मिलिमीटर सरकले, तरी वाटणी बदलू शकते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या राज्य विद्यापीठात क्लेमेंट क्लाइनस्ट्रॉयर यांनी हेच गणित मांडले: धमनीच्या छेदात कण कुठे सुटला आणि हृदयाच्या ठोक्याच्या कोणत्या क्षणी सुटला, यावर तो कोणत्या फांदीत शिरेल ते ठरते. समीकरणे एकोणिसाव्या शतकातली, नाव्हिए आणि स्टोक्स यांची. नवा आहे तो त्या एका रोग्याच्या धमनीचा नकाशा.

जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा. अंबड-घनसावंगीच्या शेतकऱ्याला विचारा: धरणातून सुटलेले पाणी आणि टेलला पोचलेले पाणी एकच का? चारीचे दार वीतभर कमीजास्त उघडले की कुणाचा ऊस तरतो आणि कुणाचा वाळतो, हे तो जाणतो. पाण्याचा असा हिशेब मागणाऱ्या शेतकऱ्याला कुणी अरसिक म्हणत नाही. मग रक्ताचा हिशेब मागणाऱ्या डॉक्टरलाच का?

मात्र यंत्राचे भाट दुसऱ्या बाजूला उभे आहेत, त्यांचीही मी गय करणार नाही. पडद्यावर लाल-निळे प्रवाह फिरवून ते लोकांना दिपवतात. स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या बारीक वाहिन्या त्या चित्रात नसतातच. कोणत्या टोकाने किती रक्त बाहेर पडते, हेही पुष्कळदा गृहीत धरलेले असते. पाळीपत्रकात टेलचे पाणी लिहिलेलेच असते की! फरक इतकाच की इथे पडताळा घेता येतो. मणी सोडल्यावर ते खरोखर कुठे बसले, ते पेट स्कॅनवर दिसते. तेव्हा माझी मागणी साधी आहे. ज्याने आधीचे रंगीत चित्र दाखवले, त्याने शेजारी नंतरचेही दाखवावे, आणि जुळले नाही तेही छापावे.

आणि विद्वान गृहस्थांना संतापच करायचा असेल, तर त्यासाठी जागा आहे. यिट्रियमची शक्ती दर ६४ तासांनी निम्मी होते. मात्रा ठरते ती दिवस-तास मोजून. मंठ्याचा रोगी कागदपत्रे गोळा करीत, मंजुरीची वाट पाहत, रात्रभराच्या प्रवासाने मुंबईला पोचायचा असतो. मणी त्याच्यासाठी थांबत नाहीत. या ६४ तासांवर त्यांनी एकदा व्याख्यान द्यावे. टाळ्या वाजवायला मी पहिल्या रांगेत बसेन.