यंत्राआधीं पातें

मारेगांव-पांढरकवड्याच्या मुलखांत सागवान कोणास अपरिचित नाहीं. परंतु त्या मोलाच्या लांकडास भोंक पाडणाऱ्या पात्याविषयीं आपली वृत्ति मात्र ‘मिळेल तें चालेल’ अशी असते. खांबावर उभें राहणारें भोंकयंत्र, ज्यास कारागीर पिलर ड्रिल म्हणतात, तें घेण्यास शाळा व पालक हजारों रुपये खर्चितात, आणि पातीं मात्र लोखंडाकरितां केलेलींच आणतात. ही काटकसर खोटी आहे असें माझें स्पष्ट मत आहे.

लोखंडाच्या पात्याचें टोंक बसक्या शंकूसारखें, बहुधा ११८ अंशांचें असतें. लोखंड सर्वत्र सारखें कठीण व त्यावर आधीं पंच मारलेला, म्हणून तें तेथें सरळ जातें. सागाच्या वर्षवलयांत मऊ व कठीण थर एकाआड एक असतात. तें टोंक कठीण थरावरून घसरतें, आणि भोंक अर्ध्या सुतानें चुकलें कीं सांधा कायमचा बिघडतो. लांकडाच्या पात्यास मध्यें खिळ्यासारखें अणकुचीदार टोंक व कडेस दोन धारदार नखें असतात. टोंक जागा धरतें, नखें तंतु अगोदर कापतात. म्हणून कांठ फाटत नाहीं. कपाटाच्या बिजागरीसारख्या रुंद, सपाट तळाच्या भोंकास फोर्स्टनर पातें घ्यावें. अमेरिकेंतील बेंजामिन फोर्स्टनर यानें १८७४ सालीं त्याचें पेटंट मिळविलें.

कोणी म्हणेल, आमचे आजे-पणजे सामत्यानेंच भोंकें पाडीत, त्यांचें काय अडलें? कांहीं अडलें नाहीं. कारण कमान ओढतांना लांकूड काय म्हणतें तें हातास कळे. यंत्रास स्पर्शज्ञान नाहीं. म्हणूनच ज्या गिरमिटाच्या टोंकास स्क्रूसारखे आटे असतात, तें यंत्रावर कदापि चढवूं नये. हातानें फिरवितांना ते आटे पातें आंत ओढून नेतात, हा त्याचा गुण. यंत्रावर तेंच संकट. खालीं जाण्याचा वेग कारागिराच्या हातीं राहत नाहीं, आणि तुकडा उचलला जाऊन गरगर फिरूं लागतो. तो नुसत्या हातानें धरलेला असेल, तर विद्यार्थ्याचीं बोटें जाण्यास एक क्षण पुरे. या एका गोष्टीची चौकशी पालकांनीं शाळेंत येऊन अवश्य करावी.

सागांत सिलिका, म्हणजे वाळूचाच सूक्ष्म अंश, असतो. तो धार लवकर खातो. साधें कार्बन पोलाद फार तापलें कीं त्याचा कठीणपणा उतरतो, हायस्पीड पोलाद तशा उष्णतेंत टिकतें. पातें जितकें मोठें तितका वेग कमी ठेवावा. ६ मिलिमीटरच्या पात्याचा वेग ३५ मिलिमीटरच्यास दिला तर लांकूड जळून काळें पडतें.

खर्चाचें म्हणाल, तर शंभर पात्यांची चकचकीत पेटी मुळींच नको. ६, ८ व १० मिलिमीटरचीं तीन चांगलीं पातीं आणि ३५ चें एक फोर्स्टनर, एवढ्यांत शाळेच्या बाकांचें व घरच्या कपाटाचें बहुतेक काम निभतें. उरल्या पैशांत तुकडा आवळून धरण्यास शिकंजा घ्यावा. आणि भोंकाखालीं टाकाऊ फळी ठेवण्यास तर कांहींच पडत नाहीं.