मोडतोड करण्याचा हक्क

जानेवारी २०२०मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. त्याआधी काही आठवडे अनुराधा पाटील यांच्या ‘कदाचित अजूनही’ला साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला होता. मराठवाड्यात राहून लिहिणाऱ्या कवयित्रीचा तो सन्मान. तरीही आपल्या तालुक्यांतल्या कविसंमेलनांत बाईकडून अपेक्षा असते ती आई, लेक आणि माहेर यांचीच. भाषेची मोडतोड करावी ती पुरुषांनी.

हा समज जुना आहे. प्रयोगशील मराठी कविता म्हटलं की लघुनियतकालिकं आठवतात आणि अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, नामदेव ढसाळ ही नावं ओठावर येतात. ढसाळांच्या ‘गोलपिठा’नं १९७२मध्ये मराठी कविता मुळापासून हलवली, हे खरंच. पण १९७९मध्ये ‘वाळूचा प्रियकर’ घेऊन आलेल्या मलिका अमर शेख यांची ओळख मात्र आजही अनेकजण आधी ढसाळांची पत्नी म्हणून करून देतात. रजनी परुळेकरांनी तर दीर्घकविताच आपली केली. बाईची कविता छोटी, हळवी, चटकन वाचून संपणारी असावी, ही अपेक्षाच त्यांनी झुगारली. एका बाईचं मन आणि विचार यांना पानंच्या पानं देणं, यात मला कितीतरी घोषणांपेक्षा जास्त स्त्रीवाद दिसतो.

आपल्या मातीला हे परकं नाही. जात्यावरच्या ओवीत अक्षरं मोजून ओळ बसवायची सक्ती नसते. दळणारी बाई ओळ हवी तशी लांबवते, तोडते. तुळजाभवानीला, तेरच्या गोरोबाकाकांना हाक मारता मारता सासरचं गाऱ्हाणं त्यात घालते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या. सगळ्याच बंडखोर नाहीत. लेकाचं कोडकौतुक करताना लेकीला मागे ठेवणाऱ्याही त्यांत आहेत. त्यांना सरसकट स्त्रीवादी ठरवायची घाई मी करणार नाही. पण त्यात बोलणारी ‘मी’ बाईच आहे आणि ओळ कुठे तोडायची हे तीच ठरवते.

म्हणून कळंब, उमरगा, परंड्याच्या आयोजकांना विनंती आहे. यंदा ‘महिला कवयित्रीं’चं वेगळं सत्र ठेवू नका. एखाद्या नव्या मुलीला मुख्य मंचावर वीस मिनिटं द्या, आणि तिची कविता कळली नाही तरी मध्येच घंटा वाजवू नका.