मास इफेक्टमध्ये वाईट वागायची पूर्ण मुभा होती, तरी ९२ टक्के लोक चांगलेच का वागले?

समोर रेक्स उभा आहे, हातात शॉटगन. हा शत्रू नाही, इतका वेळ तुमच्याच टीममधून लढलेला गडी आहे. त्याच्या क्रोगन जमातीवर जेनोफेज नावाचं जैविक हत्यार सोडलं गेलं, तेव्हापासून त्यांच्यात हजारातलं एखादंच मूल जगतं. त्यावरचा इलाज ज्या तळावर तयार होतोय, तोच तळ कमांडर शेपर्डला, म्हणजे तुम्हाला, उडवायचा आहे. रेक्स म्हणतो, हे होऊ देणार नाही.

२००७ साली बायोवेअर या कॅनडातल्या कंपनीने आणलेल्या 'मास इफेक्ट'मधला हा प्रसंग. गेम खेळणारे आजही त्यावर भांडतात.

आता रेक्सला समजवायचं की गोळी घालायची, हे तुमच्या हातात आहे असं वाटतं. पण खरा निर्णय तुम्ही बऱ्याच आधी, नकळत घेतलेला असतो. लेव्हल वाढली की गेम पॉइंट्स देतो. तेच पॉइंट्स बंदुकीवर खर्च करायचे किंवा समोरच्याला पटवण्याच्या नाहीतर धमकावण्याच्या कौशल्यावर. सगळे नेमबाजीत घातले असतील, तर ऐनवेळी कामाचं वाक्य निवडताच येत नाही. एक पळवाट आहे. रेक्सच्या घराण्याचं चिलखत आधीच शोधून दिलं असेल, तर तो ऐकतो. नाहीतर रेक्स मरतो.

आणि तो मेला की मेला. लढाईत हरलात तर गेम पुन्हा तिथूनच सुरू होतो, दहा वेळा हरा, काही बिघडत नाही. संवादाचं तसं नाही. तुमचा सेव्ह २०१० च्या दुसऱ्या आणि २०१२ च्या तिसऱ्या भागात सोबत येतो. रेक्स नसेल तर जमातीची गादी त्याचा भाऊ रीव्ह सांभाळतो, आणि त्याच्या डोक्यात फक्त सूड असतो. तिसऱ्या भागात क्रोगनांना इलाज द्यायचा की नाही, असा प्रश्न येतो. रेक्स असेल तर द्यावासा वाटतो. रीव्ह असेल तर हात थबकतो.

पण बोलून जिंकणं या गेमने दर वेळी मनापासून मान्य केलंय असंही नाही. पहिल्या भागाचा खलनायक सॅरन. पुरेसं बोलता येत असेल, तर त्याला त्याची चूक पटते आणि तो स्वतःवरच गोळी झाडतो. मग? त्याचं प्रेत उठतं आणि शेवटची मारामारी करावीच लागते! त्याच्या दहा वर्षं आधीच्या, १९९७ च्या 'फॉलआउट'मध्ये हे जास्त प्रामाणिक होतं. तिथे मास्टर नावाच्या खलनायकाला पुराव्यानिशी दाखवता येतं की त्याने घडवलेल्या नव्या प्रजातीला मुलंच होऊ शकत नाहीत. त्याचं अवसान गळतं, तो स्वतःच सगळं उडवून देतो. लढाई खरोखर टळते.

आता त्या ९२ टक्क्यांकडे. २०२० मध्ये बायोवेअरच्या एका माजी डिझायनरने ट्विटरवर सांगितलं की साधारण ९२ टक्के खेळाडू 'पॅरागॉन', म्हणजे भल्या वाटेने गेले. 'रेनेगेड', म्हणजे आडदांड वाटेवरही टीमने भरपूर मेहनत घेतली होती, ही खंत त्याने सोबत जोडली.

लोक मुळात चांगले असतात, असा निष्कर्ष काढायला हे आकडे छान आहेत. पण घाई नको. गेम चांगल्या उत्तराला निळा आणि दांडग्या उत्तराला लाल रंग देतो. दुसऱ्या भागात तर एकाच रंगाला चिकटून राहिलात तरच मोक्याची वाक्यं उघडतात. थोडं इकडे, थोडं तिकडे केलं की दोन्हीकडून मार. त्यामुळे खेळाडू दर वेळी विचार करत नाही, सुरुवातीला एकदा रंग ठरवतो आणि मोकळा होतो.

याचा पुरावा त्याच ग्रहावर, थोड्याच वेळात मिळतो. केडन आणि ॲशली या दोन साथीदारांपैकी एकालाच वाचवता येतं. निळं-लाल काही नाही, पॉइंट्स कामाचे नाहीत. तिथे ९२ टक्के कुणीच एका बाजूला नाहीत, वाद अजून चालू आहे.

तिसऱ्या भागाच्या शेवटावर २०१२ मध्ये चाहते भडकले तेही यावरूनच. पाच वर्षांचे निर्णय आणि शेवटी लाल, निळा, हिरवा असे जवळपास सारखेच दिसणारे स्फोट. कंपनीला जूनमध्ये वाढीव शेवट फुकट द्यावा लागला.

हे सगळं आज पुन्हा चर्चेत येण्याचं कारण आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या 'द आउटर वर्ल्ड्स २'ने सुरुवातीचा भाग संपल्यावर पॉइंट्स बदलण्याची सोयच ठेवली नाही. बोलका गडी निवडलात तर बोलकाच निभवा. आणि नवा 'मास इफेक्ट' तयार होतोय, पण बायोवेअरची मालक कंपनी ईए ५५ अब्ज डॉलर्सना विकण्याचा सौदा सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झाला. त्यातले २० अब्ज कर्जाचे. प्रत्येक जास्तीच्या उत्तराला लेखक लागतो, आवाज लागतो, ॲनिमेशन लागतं. जे वाक्य शंभरातले आठच जण ऐकणार, त्याचं बिल कर्ज फेडणारा मालक पास करेल का, हा प्रश्न चाहत्यांना पडलाय तो उगाच नाही.