मिठागरे राखा, पण तिवरांच्या मुळावर येऊ नका

बेळगाव-निपाणी भागाला समुद्र नाही, तेव्हा या पानावर मिठागरांचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण गोव्याचे मीठ पूर्वी बैलांच्या तांड्यांनी घाट चढून आपल्याकडेच येत असे. 1878 च्या तहाने त्या मिठावर इंग्रजांचा ताबा आला. 1892 मध्ये तह संपला, तोवर कित्येक आगरांचे कंबरडे मोडले होते.

धंदा दिसायला साधा. भरतीचे पाणी मानशीतून आत घ्यायचे आणि एका वाफ्यातून दुसऱ्यात आटवत न्यायचे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. आधी चुना आणि जिप्सम खाली बसते, मग मीठ धरते. उरलेले कडू पाणी वेळीच काढले नाही तर मॅग्नेशियममुळे मीठ कडवट होते व पाणी सुटते. ते पाणी एकदम खाडीत सोडणेही बरे नव्हे. ओहोटीबरोबर थोडे थोडे सोडावे. इंधन म्हणाल तर ऊन आणि वारा, फुकटचे!

म्हणूनच हा धंदा वाढावा असे मला वाटते. मात्र आधी ओस पडलेली जुनी आगरे दुरुस्त करावीत. तिवरे तोडून नवे वाफे पाडणे हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार आहे. तिवरे लाटांचा जोर बांधापर्यंत पोहोचू देत नाहीत आणि मासळीची पिले त्यांच्याच मुळांत वाढतात. गोव्याच्या खाजणात एकाच बांधाच्या आडोशाला भातही असते आणि मीठही. बांध फुटला की मीठ तर जातेच, पण भाताची जमीनही खारावते, आणि पावसाने क्षार धुऊन निघेपर्यंत पीक धड येत नाही. कोळंबीच्या तळ्यांसाठी मिठागरे व खारफुटीची जमीन वापरू नये, असे सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर 1996 मध्ये सांगावे लागले, यावरून लोभ कुठवर गेला होता ते दिसते.

एकट्यादुकट्या आगरवाल्याला बांध राखणे परवडत नाही. गोकर्णाजवळ साणीकट्ट्याला 1952 मध्ये नागरबैल मीठ मालकांची सहकारी सोसायटी निघाली. दूध आणि उसाच्या सोसायट्या पाहिलेल्या आपल्या लोकांना त्यातले मर्म वेगळे सांगायला नको.

आणि दोष फक्त किनाऱ्यावरच्यांचा नाही. खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई गोव्यात मांडवी होते. तिच्या काठी रायबंदरची आगरे. आपण वर रान तोडले, उतारावर बांधबंदिस्ती केली नाही, तर गाळ त्यांच्या पाण्यात जातो.

आता घरची गोष्ट. आगरातल्या जाड्या मिठात पुरेसे आयोडीन नसते. गलगंड आणि मुलांची खुंटलेली वाढ टाळण्यासाठी आयोडीन नसलेले मीठ खाण्यासाठी विकण्यास 17 मे 2006 पासून देशभर बंदी आहे. “नैसर्गिक” म्हणून चुलीपाशी तेच ठेवण्याचा हट्ट, विशेषतः गरोदर बाईच्या घरी, नको. सोसायट्यांनीच आयोडीन मिसळण्याची सोय करावी, त्यांच्या मालाला गिऱ्हाईकही वाढेल.

जाड्या मिठाला शेतात काम आहेच. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भाताचे बियाणे ओतावे. तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावेत, तळाचे बी स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत सुकवावे आणि मगच तरव्यात पेरावे.