अर्ध्या पैशाचा अपराधी

अपराध अनेकांनी मिळून केला की त्याचा जाब कोणालाच विचारता येत नाही, असा एक विलक्षण न्याय कोळसा व तेल यांवर गबर झालेल्या कंपन्यांचे कैवारी जगाला शिकवू पाहत आहेत. इंधन सारेच जाळतात. मग हवामान बिघडल्याबद्दल एकट्या कंपनीला न्यायालयात का खेचता, असा त्यांचा सवाल असतो. आम्हाला हा युक्तिवाद मुळीच मान्य नाही.

पेरू देशात, अँडीज पर्वताच्या कुशीत वाराझ नावाचे शहर आहे. त्याच्या माथ्यावरील पाल्काकोचा हे सरोवर हिमनदी वितळून फुगत चालले आहे. १९४१ साली हेच सरोवर फुटून शहराचा मोठा भाग वाहून गेला होता. तेथील साउल लुसियानो ल्यूया या शेतकऱ्याने २०१५ साली आरडब्ल्यूई या जर्मन वीजकंपनीवर तिच्याच देशात, एसेन शहरी, दावा लावला. औद्योगिक युगाच्या प्रारंभापासून जगाने हवेत सोडलेल्या कर्बवायूत या कंपनीचा वाटा सुमारे ०.४७ टक्के, म्हणजे रुपयात अर्ध्या पैशाहूनही कमी. तेव्हा पुरापासून रक्षण करण्याच्या खर्चाचा तेवढाच वाटा, सुमारे १७,००० युरो, तिने उचलावा, एवढेच त्याचे मागणे होते. याहून नेमस्त मागणी ती कोणती?

एसेनला दावा फेटाळला गेला. अपिलात तो हाम येथील वरिष्ठ न्यायालयापुढे आला. २८ मे २०२५ रोजी तेथेही वादी हरला. ‘कंपनी सुटली’ म्हणून टाळ्या पिटणाऱ्यांनी मात्र निकाल पुरता वाचावा. वादीच्या घरापर्यंत पूर पोहोचण्याचा संभव पुढील तीस वर्षांत सुमारे एक टक्काच आहे, म्हणून दावा नामंजूर झाला. परंतु प्रचंड प्रमाणावर कर्बवायू सोडणारी कंपनी तत्त्वतः उत्तरदायी ठरू शकते, आणि कारखाना व पीडित यांच्यातील अंतर ही सबब होऊ शकत नाही, हे त्याच न्यायालयाने स्पष्ट सांगितले आहे.

आपल्या देशाला हा विचार परका नाही. १९८५ साली दिल्लीतील श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू गळाला. त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली ठरवून दिले की, धोक्याच्या धंद्यातून नफा मिळवणाऱ्याने त्यातून झालेली हानी भरून दिलीच पाहिजे. आम्ही सावध होतो, हे उत्तर चालणार नाही. एका दिवसाच्या गळतीला जो न्याय, तो शंभर वर्षांच्या धुराला का नसावा?

हे काम कायदेमंडळांचे आहे, असे कोणी म्हणतील. कायदेमंडळांनी कायदे अवश्य करावेत; त्यांना अडवले कोणी? पण ते होईपर्यंत ज्याचे घर पाण्याच्या वाटेवर आहे त्याने दाद कोठे मागावी? त्याचे गाऱ्हाणे ऐकणे हा तर न्यायालयाचा मूळ धर्म आहे.

थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण आपण मुलांना काटकसर शिकवण्यासाठी सांगतो. पाल्काकोचाचे तळेही असेच साचले आहे. ज्याने जितके थेंब घातले, त्याने तितक्यांचा हिशेब द्यावा. अर्ध्या पैशाच्या अपराध्याकडून आम्ही रुपया मागत नाही. पण त्याचा अर्धा पैसा माफ करण्याचा अधिकारही आम्ही कोणाला देणार नाही.