भाव सर्वांचे ठरलेले. घासाघीस फक्त घामाची!

पहाटेच्या अंधारात कामरेजच्या चार रस्त्यावर एकदा उभे राहून पाहावे. मुंबईहून अहमदाबादकडे धावणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८, ज्याला जुनी माणसे अद्यापि 'आठ नंबर' म्हणतात, तो या कामरेजपाशी तापी ओलांडतो. आणि येथूनच एक फाटा वराछामार्गे सुरत शहरात शिरतो. या चौकाच्या कडेला लहान मालमोटारींची रांग लागलेली असते. हौद्यात घडी घातलेली ताडपत्री, फाळक्याला गुंडाळलेला दोर, आणि पुढच्या आसनावर गुडघे पोटाशी घेऊन झोपलेला एक माणूस! त्याला हलवून जागे करा आणि गाव विचारा. कुणी साक्रीचा निघेल, कुणी नवापूरचा, कुणी शहाद्याचा, कुणी अमळनेरचा. बिऱ्हाड लिंबायतला, उधन्याला किंवा डिंडोलीला. घरी बोलणे अहिराणीत, व्यापाऱ्याशी बोलणी गुजरातीत, आणि रात्री मनाशी चाललेला हिशेब मात्र कोणत्याच भाषेत न जुळणारा!

हा माणूस कोण? सरकारी दप्तरात तो 'मालक' आहे. गाडीच्या नोंदणीपुस्तकात त्याचे नाव आहे. गावाकडे त्याचा बाप चारचौघांत सांगतो की, "पोरानं सुरतेला स्वतःची गाडी घेतली." त्या बापाच्या अभिमानाला आम्ही धक्का लावू इच्छित नाही. परंतु सत्य सांगणे हे वृत्तपत्राचे कर्तव्य आहे. सत्य असे आहे की, हा मालक म्हणवणारा माणूस मजुराहूनही लाचार मजूर आहे. मजुराला निदान संध्याकाळी रोज मिळतो. याला संध्याकाळी मिळतो तो उद्याच्या हप्त्याचा घोर!

२००५ साली टाटांची 'एस' ही चिमुकली चारचाकी मालगाडी बाजारात आली आणि लोकांनी तिचे 'छोटा हत्ती' असे बारसे केले. पाठोपाठ पिकअप गाड्यांचा सुळसुळाट झाला. शेती पिकेना, गिरणी राहिली नाही, नोकरी मिळेना, अशा हजारो तरुणांनी आईचे दागिने मोडून आणि कर्ज काढून या गाड्या घेतल्या. त्यांच्यावाचून सुरतेचा कापडधंदा एक दिवसही चालणार नाही. लसकाणा-पिपोदऱ्याच्या यंत्रमागांवर विणलेले कोरे तागे पांडेसरा, सचिन, कडोदरा, पलसाणा येथील रंगाई-छपाईच्या गिरण्यांत जातात; तेथून रिंग रोडच्या बाजारात येतात; आणि साडीचे रूप घेऊन पुन्हा बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूरच्या रस्त्याने आपल्या खानदेशातल्या दुकानांत उतरतात. या प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी गठ्ठे हौद्यात चढविलेले असतात आणि कुणीतरी रात्र जागविलेली असते. साडीच्या किमतीत विणकराचा वाटा आहे, छापणाऱ्याचा आहे, दलालाचा तर आहेच आहे. वाहून आणणाऱ्याचा वाटा मात्र सर्वांत शेवटी, सर्वांचे पोट भरून काही उरले तर!

आता जरा हिशेब करू. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण ज्याच्या घरी गाडी आहे त्याने ते स्वतःच्या वहीशी ताडून पाहावेत. कामरेजहून शंभर किलोमीटरवर माल पोचवायचा आहे आणि भाडे तीन हजार रुपये ठरले, असे माना. परतीचा माल मिळाला नाही, म्हणजे जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर. लिटरला बारा किलोमीटर आणि डिझेल नव्वद रुपये धरले, तर पंधराशे रुपये धुरात गेले. टोल दोनशे. महिन्याला पंधरा हजारांचा हप्ता आणि पंचवीस दिवस काम, म्हणून त्या दिवसाचे सहाशे. टायर, ऑइल, दुरुस्ती, विमा यांचे अडीचशे. चहा-जेवण दीडशे. उरले तीनशे रुपये. ते भाडे दलालामार्फत आले असेल, तर शेकडा दहा प्रमाणे त्याचे तीनशे. बाकी शून्य! चौदा-सोळा तास चाक हातात धरून शून्य! आणि पोचल्यावर गोदामाचा दरवाजा उघडायला दुसरा दिवस उजाडला, तर शून्याच्याही खाली.

यावर शहाणपणाचा एक ठराविक सवाल टाकला जातो. "परवडत नसेल तर धंदा करू नये. हा खुला बाजार आहे. मागणी तसा भाव." वा रे खुला बाजार! डिझेलचा भाव कोण ठरवतो? ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने डिझेलवरचे नियंत्रण उठविले आणि १६ जून २०१७ पासून भाव रोजच्या रोज ठरू लागला. तेल कंपनीने सांगितलेला आकडा पंपावर झळकतो. तेथे कुणी घासाघीस करून दाखवावी! टोलचा दर फलकावर रंगवलेला आहे. हप्त्याची तारीख आणि व्याज कर्जाच्या करारात छापलेले आहे. विम्याचा हप्ता छापील, दंडाची रक्कम छापील. या माणसाने दुसऱ्याला जे जे द्यायचे त्याचा भाव दगडावरची रेघ, आणि त्याला स्वतःला जे मिळायचे ते तेवढे चौकातल्या लिलावावर! हा खुला बाजार एकाच बाजूने खुला आहे, आणि त्या बाजूने आत येतो तो फक्त तोटा.

भाड्याचा दर ठरविणे अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांना आम्ही कायद्याचे पुस्तक उघडायला सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ६७ पाहा. प्रवासी वाहनांप्रमाणेच मालवाहू वाहनांचेही दर, किमान आणि कमाल मर्यादेसह, ठरवून देण्याचा अधिकार राज्य सरकारांना त्या कलमाने दिलेला आहे. रिक्षात बसणाऱ्याला दर ठरवून मिळतो. मग पिकअपमध्ये गठ्ठे भरणाऱ्याला का नको? सरकारपाशी अधिकार आहे. नाही ती इच्छा!

आणि सरकारची दृष्टी कुणाकडे आहे, हे पाहायचे असेल तर टोलनाक्यावर या. १५ ऑगस्ट २०२५ पासून राष्ट्रीय महामार्गांसाठी तीन हजार रुपयांचा वार्षिक पास निघाला. वर्षभर किंवा दोनशे फेऱ्या. फार चांगली गोष्ट! पण हा पास कुणाला? खासगी मोटारीला, जीपला, व्हॅनला. रविवारी सहलीला निघालेल्या कुटुंबाला सवलत, आणि त्याच नाक्यावरून पोटासाठी रोज ये-जा करणाऱ्या छोट्या हत्तीला ती नाही, कारण तो 'व्यावसायिक'! मौज करणाऱ्याला माफी आणि मेहनत करणाऱ्याला वसुली, हा कोणत्या स्मृतीतला न्याय आहे?

दंडाचेही तेच. १ सप्टेंबर २०१९ पासून जादा भारासाठी केंद्रीय कायद्याने वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार असा दंड लावला. जादा भाराची आम्ही वकिली करणार नाही. पाटे तुटलेली, ब्रेक न लागणारी गाडी रस्त्यावरच्या निष्पापाचा जीव घेते; तेथे दया नको. पण त्याच कलम १९४ मध्ये गाडी चालविणाऱ्याच्या जोडीला ती तशी चालवायला लावणारा आणि चालवू देणाराही दोषी धरलेला आहे. "आणखी दहा गठ्ठे टाक, नाहीतर मागच्या गाडीला देतो," असे म्हणणारा शेठ त्या दहा गठ्ठ्यांचा दंड भरताना कधी कुणी पाहिला आहे काय? पावती फाटते ती चालकाच्या नावाने. कायद्याचे अर्धे वाक्य वाचायचे आणि अर्धे गिळायचे, ही कारभाराची जुनीच खोड आहे.

या बारा-पंधरा वर्षांत दिलासे मिळाले नाहीत, असेही नाही. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि सीमेवरची विक्रीकराची तपासणी संपली. नोव्हेंबर २०१९ मध्ये गुजरातने आपले परिवहन खात्याचे सोळा तपासणी नाके बंद केले. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला की, हलक्या वाहनाचा परवाना असलेला चालक साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू वाहनही चालवू शकतो. परवान्यावर वेगळी नोंद नाही या सबबीवर विम्याची भरपाई टाळण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला. या गोष्टींचे आम्ही स्वागतच करतो. पण नाक्यावरचे तास वाचले, त्यांचा लाभ कुणाच्या पदरात पडला? माल लवकर पोचू लागला आणि व्यापाऱ्याचे भांडवल लवकर फिरू लागले. गाडीवाल्याच्या वाट्याला आली ती एवढीच अपेक्षा की, आता त्याने आणखी एक फेरी मारावी!

महाराष्ट्राच्या इतिहासात याचे उत्तर लिहिलेले आहे. पाठीवर पोती वाहणारा हमाल एके काळी असाच एकटा होता. मालक कोण हे त्याला ठाऊक नसे आणि मजुरी मुकादमाच्या मर्जीवर असे. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या माथाड्यांना एकत्र केले, बाबा आढावांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली, आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. व्यापाऱ्याने मंडळाकडे नोंद करावी, मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरावी, आणि मंडळाने ती कामगाराला द्यावी, अशी ती व्यवस्था. 'ज्याला एक मालक नाही, त्याला हक्कही नाहीत' हा भ्रम त्या कायद्याने मोडून काढला. डोक्यावर ओझे वाहणाऱ्याला जे मिळू शकले, ते चाकांवर ओझे वाहणाऱ्याला का मिळू नये? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे आठ तास ठरविले होते, पण ते पाच किंवा अधिक कामगार असलेल्या संस्थेपुरते. तो कायदा नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहितेत विरून गेला. स्वतःच मालक आणि स्वतःच नोकर असलेल्या आमच्या माणसाचे तास तेव्हाही कुणी मोजले नाहीत, आजही कुणी मोजत नाही.

परंतु आमचे खडे बोल गाडीवाल्या बांधवांसाठीही आहेत. तीन हजारांचे भाडे पंचवीसशेवर कोण आणतो? शेठ नव्हे! रांगेतला पुढचा गाडीवाला "परवडत नाही" म्हणून मान हलवतो, तेव्हा मागून जो हात वर करतो, तो तुमचाच, तुमच्याच तालुक्यातला भाऊ असतो. आज त्याने तुमचे भाडे तोडले, उद्या तुम्ही त्याचे तोडाल, आणि महिनाअखेर दोघांच्याही गाड्या फायनान्सवाल्याच्या आवारात शेजारी शेजारी उभ्या राहतील. तेथे मग निवांत बोलत बसा!

म्हणून आमचे सांगणे असे आहे. कामरेजच्या चौकात आणि नवापूरच्या नाक्यावर डिझेलच्या भावाशी बांधलेला किमान भाड्याचा तक्ता लागला पाहिजे, आणि दोन्ही राज्यांनी कलम ६७ चा अधिकार वापरून त्याला कायद्याचे बळ दिले पाहिजे. ठरल्या वेळेपेक्षा अधिक खोळंबा झाला, तर तासाचे पैसे मिळाले पाहिजेत. माल भरणाऱ्याने वजनाची चिठ्ठी सहीनिशी दिली पाहिजे, म्हणजे दंडाच्या वेळी शेठचेही नाव पुढे येईल. टोलचा वार्षिक पास लहान मालगाड्यांनाही लागू झाला पाहिजे. आणि यांतले काहीही दारात चालत येणार नाही. त्यासाठी संघटना पाहिजे. तिच्यात खानदेशी, गुजराती, राजस्थानी, बिहारी असा भेद चालणार नाही. हप्त्याची तारीख सर्वांना सारखीच येते!

१ मे १९६० रोजी नवापूर आणि सोनगढ यांच्यामधून राज्याची रेघ गेली. त्या रेघेच्या अलीकडे भाकरी थापली जाते आणि पलीकडे ती कमावली जाते, असे हजारो संसार आपल्या या टापूत आहेत. त्यांच्या घरातली बाई रात्री दोन वाजता गाडीचा आवाज ऐकण्यासाठी जागी असते. तिचा धनी सुखरूप यावा आणि रिकाम्या हाताने येऊ नये, एवढेच तिचे मागणे आहे. ज्या व्यापाराला हे एवढे मागणेही जड वाटते, त्याने आपले गठ्ठे एक दिवस स्वतःच्या डोक्यावर घेऊन चालून पाहावे. कामरेजची रांग एक दिवस, फक्त एक दिवस, एकजुटीने जागची हलली नाही, तर घामाचाही भाव कसा ठरवायचा, हे सर्वांना समजेल!