सोळा सामने, शून्य गोल

परवा आमच्या नातेवाईकांच्या गटात पुण्याच्या भाच्याने एक चित्रफीत टाकली. सात-आठ वर्षांचं एक पोरगं पायावर चेंडू नाचवत होतं. झकास नाचवत होतं, त्यात वाद नाही. खाली भाच्याने लिहिलं होतं, "याला आत्ताच युरोपात पाठवा, दहा वर्षांत भारताचा हालंड तयार!" त्यावर चौदा जणांनी अंगठे दाखवले. मी गप्प बसलो. मोबाईलवर मी एका बोटाने लिहितो, आणि माझा राग एका बोटात मावणारा नव्हता. म्हणून इथे लिहायला बसलो आहे. भाचा हे वाचतोच.

तर पहिली गोष्ट. सात वर्षांच्या पोराला असं पाठवता येत नाही. परदेशातल्या क्लबाला अठरा वर्षांखालच्या खेळाडूची नोंदणी करायला फिफाची बंदी आहे. आईबाप दुसऱ्याच कारणाने तिकडे राहायला गेले, असे काही अपवाद आहेत, पण ते आपल्या पोरांच्या कामाचे नाहीत. म्हणजे आठ ते अठरा ही दहा वर्षं पोराने इथेच काढायची आहेत. याच मातीत, याच शाळेत, आपल्यासारख्याच मास्तरांच्या हाताखाली. मंडळी, एवढं एकच वाक्य नीट समजून घेतलं, तर आपल्याकडची अर्धी बडबड बंद होईल.

आता त्या हालंडकडे येऊ. आमचा नातू त्याचा भक्त आहे, त्यामुळे ही पोथी मला तोंडपाठ झाली आहे. जन्म जुलै २०००, इंग्लंडमधल्या लीड्सचा, कारण बाप तेव्हा तिथे खेळत होता. पण वाढला नॉर्वेत, ब्रिन नावाच्या गावात. हे गाव आमच्या ब्रह्मपुरीपेक्षा लहान, भोवती शेती आणि गाईगुरं. तिथल्याच क्लबात तो लहानाचा मोठा झाला. २०१६ साली, वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, त्याला त्या क्लबाच्या मोठ्यांच्या संघात घेतलं. हा संघ नॉर्वेच्या दुसऱ्या श्रेणीत खेळत होता. त्या हंगामात तो सोळा सामने खेळला. गोल किती केले? शून्य!

नातवाने हे सांगितलं तेव्हा मी त्याला दोनदा विचारलं, खरंच शून्य? खरंच शून्य.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २०१७ ला मोल्डे, २०१९ च्या जानेवारीत ऑस्ट्रियातलं साल्झबर्ग, २०२० च्या जानेवारीत जर्मनीतलं डॉर्टमुंड, २०२२ ला मँचेस्टर सिटी. साल्झबर्गकडून चॅम्पियन्स लीगच्या पहिल्याच सामन्यात तीन गोल, डॉर्टमुंडकडून पहिल्याच सामन्यात, तेही बदली म्हणून उतरून, पुन्हा तीन. सिटीच्या पहिल्या हंगामात प्रीमियर लीगमध्ये ३६ गोल, तो विक्रम झाला. पण शिडी बघा. एकही पायरी गाळलेली नाही. आणि पहिली पायरी होती एका लहान गावाची, जिथे सोळा वेळा हात हलवत परत आलेल्या पोराला सतराव्या वेळी कुणी घरी बसवलं नाही.

त्याच जुलै २००० मध्ये आपल्या कोल्हापुरात अनिकेत जाधव जन्मला. बाप रिक्षा चालवणारा. पोरगा क्रीडा प्रबोधिनीत निवडला गेला, आघाडीला खेळू लागला, आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून उतरला. ते तिन्ही सामने आपण हरलो, पण मराठी पोरगा तिथे पोचला याचा मला आनंद झाला होता. २०१९ साली तो तीन महिने इंग्लंडला ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये सरावाला गेला. (हा क्लब २०१० पासून पुण्याच्या वेंकीजच्या मालकीचा आहे. म्हणजे क्लब विकत घेण्यापर्यंत आपली मजल गेली आहे, क्लबात खेळण्यापर्यंत नाही.) परत येऊन तो जमशेदपूर, हैदराबाद, ओडिशा असा आपल्याच देशात खेळला. तीन महिने सराव आणि एक हंगाम सामने, यांत विहिरीच्या काठावर बसणं आणि पोहणं इतका फरक आहे. त्याच २०१९ साली दुसरा जुलैवाला आठवड्याला दोन-दोन सामने खेळत होता.

यात अनिकेतला कमी लेखायचा हेतू नाही. उलट तो घडला कसा ते बघा. कोल्हापुरात पेठापेठांचे संघ आहेत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही नावं तिथल्या पोराला बाराखडीआधी येतात. शाहू स्टेडियमवर स्थानिक सामन्यांना हजारोंची गर्दी होते. भांडणंही होतात म्हणा. पण तिथल्या पोराला लहानपणापासून सामना बघायला मिळतो, खेळायला मिळतो. म्हणून कोल्हापुरातून अनिकेत निघतो आणि चंद्रपूर-गडचिरोलीतून निघत नाही. आमच्या पोरांच्या पायात काही खोट नाही.

आपल्याकडे युरोप म्हणजे काशीयात्रा झाली आहे. जाऊन आला की पावन! सुनील छेत्रीसारख्या माणसालासुद्धा २००९ साली इंग्लंडने परवाना नाकारला, कारण काय, तर भारताचा संघ जागतिक क्रमवारीत पहिल्या सत्तरात नाही. क्वीन्स पार्क रेंजर्स त्याला घ्यायला तयार होता. २०१२ ला तो पोर्तुगालच्या स्पोर्टिंगमध्ये गेला, तिथे दुय्यम संघातून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सामने मिळाले, आणि तो परत आला. त्याने जे नाव कमावलं ते इथे, वर्षानुवर्षं सामने खेळून. मणिपूरची बालादेवी २०२० साली स्कॉटलंडच्या रेंजर्समध्ये गेली आणि तिने तिथे गोलही केला. पण ती गेली तेव्हा तिशीला टेकली होती. इतकी वर्षं तिला कुणी कुठे पाठवलं नव्हतं. ती इथेच खेळत होती.

आता माझी स्वतःची गोष्ट, जी मी घरीसुद्धा सांगितलेली नाही.

१९८६ चं साल. मी धानोरा तालुक्यातल्या एका शाळेत मराठी शिकवायचो आणि खेळाचे मास्तर नसल्याने खेळही माझ्याच गळ्यात होता. एक गोंडाचं पोरगं होतं, नववीतलं. धान कापून झाल्यावर बांध्यांमध्ये खेळायचं, धुऱ्यावरून उडी मारून पलीकडे चेंडूच्या आधी पोचायचं. असं पळणं मी नंतर पाहिलं नाही. तालुक्याच्या स्पर्धेत त्याला मी पुढे खेळवलं. दोन सामन्यांत त्याने एकही गोल केला नाही. तिसऱ्या सामन्याला मी त्याला काठावर बसवलं आणि दुसऱ्या पोराला उतरवलं. आम्ही जिंकलो. मला माझा निर्णय फार शहाणपणाचा वाटला. परत येताना बसमध्ये तो माझ्याशेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "गुर्जी, माहं का चुकलं?" मी म्हणालो, गोल नाही केला ना रे बाबा. पुढल्या वर्षी तो शाळेत आला नाही.

त्या वर्षी आमच्या शाळेने एकूण सामने खेळले तीन. पुढे-मागेही तेवढेच, फार तर चार. त्या हिशेबाने हालंडचे ते सोळा सामने भरायला माझ्या पोराला पाच वर्षं लागली असती. मी त्याला दोनच दिले.

कुणी म्हणेल, गुरुजी, आपली पोरं जगात कमी नाहीत, २०१८ साली चंद्रपूरच्या आश्रमशाळांतली पाच मुलं एव्हरेस्टवर पोचली. मीही त्या दिवशी पेढे वाटले होते. पण शिखर एकदा गाठायचं असतं. फुटबॉलमध्ये आघाडीला खेळणाऱ्याला दर रविवारी गाठावं लागतं, पंधरा वर्षं. वर्षभराच्या मोहिमा आपल्याला जमतात. दर रविवारचं काही आपल्याला जमत नाही. १५ सप्टेंबर २०१७ ला राज्यभरातल्या शाळांत एकाच दिवशी फुटबॉल खेळवला, चेंडूही वाटले. मी एका शाळेत नंतर चौकशी केली, तर चेंडू कपाटात होता आणि किल्ली ज्यांच्याकडे होती ते रजेवर. पोट्टे फोडतील म्हणून जपून ठेवला होता म्हणे! चेंडू फुटावा म्हणूनच असतो हो. खडू झिजावा म्हणून असतो तसा.

नॉर्वेची लोकसंख्या साधारण ५५ लाख. २०११ च्या जनगणनेत आपल्या दोन जिल्ह्यांची मिळून जवळजवळ ३३ लाख. तिथे हिवाळाभर बर्फ, आपल्याकडे चार महिने चिखल. डिसेंबर ते मार्च बांध्या मोकळ्या असतात. मग मोहफुलं सुरू झाली की पोरं पहाटेच जंगलात जातात, ते मला ठाऊक आहे, त्याआधी उरकायचं. आठ गावं, आठ संघ, प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, म्हणजे दर संघाला चौदा रविवार. गाडी कुणाच्याही ट्रॅक्टरची, जेवण खिचडी. उद्घाटन नको, हार नको, पाहुणे तर मुळीच नकोत. आणि लहान पोरांच्या सामन्यांत कुणी किती गोल केले हे मास्तरांनी वहीत लिहायचं नाही. नॉर्वेतही लहान मुलांच्या सामन्यांचे गुणतक्ते लावत नाहीत. ते मला १९८६ ला कळलं असतं तर!

काल भाच्याला फोन केला. म्हणाला, "मामा, तुम्ही गटात काहीच बोलला नाहीत, रागावलात का?" म्हटलं, रागावलो तर होतोच. आमच्या बाजूच्या तीन गावांतल्या मास्तरांशी बोलणं झालंय. आठ नाहीत, तीनच आहेत सध्या. तू असं कर, सहा चेंडू पाठव. चार चार नंबरचे, लहानांसाठी, आणि दोन पाच नंबरचे. पंपही पाठव, आणि पंपाच्या सुया जास्तीच्या टाक. त्या इथे मिळत नाहीत.